दुसऱ्या गिअरमध्ये माळापर्यंत

आमच्या लालबागच्या गल्लीत ती कॅम्पर गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा तिचं पहिलं परीक्षण शेजारच्या वहिनींनी केलं. चपला खाली काढून त्या आत चढल्या. बसायच्या बाकाचा पलंग होतो हे पाहिलं, पलंगाखालचे कप्पे उघडले, भिंतीला दुमडून लावलेलं टेबल खाली घेतलं, परत वर लावलं, कोपऱ्यातल्या एवढ्याशा न्हाणीत डोकावल्या आणि खाली उतरून म्हणाल्या, "ही तर आमची खोलीच की हो. चाकं लावल्येत तेवढीच."

गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या पत्रकात 'मुक्त जीवनाचा अनुभव' असं छापलं होतं. मी आयुष्यभर एका प्रकाशनगृहात मुद्रितं तपासली, त्यामुळे छापील वचनांवर माझा विश्वास जरा कमीच. जिथे जेवायचं तिथेच झोपायचं, एकाला उभं राहायचं असेल तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे, हा अनुभव आम्ही जन्मापासून घेत होतो. त्याला मुक्त जीवन म्हणतात हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पत्रकाच्या शेवटी एक अट होती: गाडीत मांसाहारी पदार्थ शिजवू नयेत. मुक्त जीवनाची हद्द तिथे संपत होती.

आम्ही निघालो होतो सांगलीच्या पूर्वेला, पार कर्नाटकच्या सीमेजवळ, माळावरच्या एका लहानशा बाजारगावी. कारण माझी बायको. ती परळच्या एका मोठ्या इस्पितळात सिस्टर होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. तिच्या एका जुन्या मैत्रिणीने तिला त्या गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. बाईंचा छोटा दवाखाना आहे, आणि माळावर विखुरलेल्या वस्त्यांवर जाणारी एक दवाखान्याची जीप आहे. जीपला ड्रायव्हर टिकत नाही. म्हणून त्यांना अशी सिस्टर हवी होती, जी गाडीही चालवेल आणि तिथेच राहील.

"गाडी येते ना?" बाईंनी फोनवर विचारलं. फोन स्पीकरवर होता. आमच्या खोलीत एकट्याने काही ऐकायची सोय नाही.

"येते," बायको म्हणाली.

मी मटार सोलत होतो. दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत गेली.

तिचं उत्तर खोटं नव्हतं. तिच्याकडे लायसन्स होतं. तिशीत असताना परळच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये ती शिकली होती. शिकवणी सगळी पुलाखालच्या गर्दीत. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, मुंबईत दोन गिअर पुरतात. बाकीचे कंपनीनं शोभेला दिलेत." तिने ते शब्द गुरुमंत्रासारखे पाळले. पुढे लायसन्सची मुदत कधी टळू दिली नाही. गाडी मात्र घेतली नाही, कारण लालबागमध्ये गाडी ठेवायला जेवढी जागा लागते तेवढ्यात एक कुटुंब राहतं. अधूनमधून एखाद्या रविवारी तिचा धाकटा भाऊ, जो माटुंग्याला राहतो, तिला आपली गाडी चालवायला द्यायचा. तिथल्या बागांभोवती गोल गोल, दुसऱ्या गिअरमध्ये. आकाशातल्या एखाद्या ताऱ्याचं नुसतं नाव माहीत असावं, तसा तिला तिसरा गिअर माहीत होता.

मी तिला एकदा म्हटलं, "पण तुला इथे कमी काय आहे? सकाळी आरामात पेपर वाचतेस..."

"मी पेपर वाचत नाही. धरते."

"मग वाचत जा."

"अहो, एवढी वर्षं दिवसरात्र कुणी ना कुणी मला हाक मारत होतं. आता मला फक्त कुकर बोलावतो."

माझी बाजू साधी होती. मला दादरचं वाचनालय आहे, घरबसल्या तपासायला थोडी मुद्रितं येतात, आणि संध्याकाळी ज्यांच्याशी वाद घालायचा ते सगळे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. शहर सोडून खेड्यात राहायला गेलेल्या लोकांची पुस्तकं मी पुष्कळ तपासली. त्यांत विहिरीचं पाणी नेहमी अमृतासारखं असतं आणि संडासाचा उल्लेख कुठेच नसतो. मला जायचं नव्हतं. तिच्याशिवाय राहायचंही नव्हतं. तिला गाडी जमली नाही तर ज्याचा फायदा होईल असा जगात मी एकटाच होतो, आणि ते मी तिला सरळ सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही मागे बसा."

कॅम्परची कल्पना मेव्हण्याची. गावात धड लॉज नाही, गाडीतच राहता येईल, आणि वाटेत ताईला हात साफ करून घेता येईल, असा त्याचा हिशेब. बहिणीला चालवता येईल यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, पण तिला नाही म्हणायची त्याची हिंमत लहानपणीच गेलेली.

निघायच्या सकाळी सगळी चाळ खाली जमली. कुणी परीक्षेला निघो, ऑपरेशनला निघो की परगावी, देवाला तोंडी कळवल्याशिवाय आमच्याकडे कुणाला सोडत नाहीत. याला गाऱ्हाणं म्हणतात. पहिल्या मजल्यावरचे आजोबा मालवणीत एकेक मागणं मांडतात आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. आजोबा नारळ घेऊन गाडीसमोर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा लांबच्या वाटेक लागली हत. त्येंच्या वाटेत काय इडापिडा आसात ती भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गाडयेचा चाक सरळ ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमची ही सिस्टर जा काम मनात धरून निघाली हा, ता तिका मिळवून दी आणि तिका थय सुखान ऱ्हवव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवाधर्माच्या बाबतीत मी हातचं राखून असतो. पण भोवतीच्यांचा आवाज चढला की आपलाही चढतो. हा शेवटचा होकार माझ्याच तोंडून सगळ्यात मोठा निघाला, आणि आपण कशाला होकार दिला ते कळायला नारळ फुटावा लागला. मेव्हणा कानाशी येऊन म्हणाला, "भावोजी, सही केलीत."

गाडी मेव्हणा चालवत होता आणि पुण्यापर्यंत मी पुढचा रस्ता पाहत होतो. मग मागच्या पलंगावर आडवा झालो. अशा गाडीत आडवं पडून खिडकीबाहेर पाहिलं की गाडी थांबली आहे आणि जमीनच कुणीतरी पायाकडून ओढून घेत आहे असं वाटतं. सातारा तसाच ओढला गेला. उसाची शेतं गेली. विट्यापुढे झाडांनी एकेक करून रजा घेतली. उरल्या त्या बाभळी, त्याही एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या लांब लांब उभ्या. टेकड्यांच्या पाठीवर पवनचक्क्या होत्या. झोपेत कूस बदलावी तशी त्यांची पाती फिरत होती. मी मधूनमधून डुलकी घेत होतो आणि जागा झालो की तेच दिसायचं, तोच फिकट पिवळा माळ, तीच पाती. मी झोपलो होतो की माळ, हे सांगता आलं नसतं.

संध्याकाळी एका बंद पडलेल्या ढाब्यामागे गाडी लावली. मेव्हण्याने पिशवीतून सुकट काढली.

"अट वाचलीस का?" मी म्हटलं.

"वाचली. 'गाडीत' शिजवू नये. बाहेर शिजवू नये असं कुठे लिहिलंय? तुम्हीच तपासा, तुमचा धंदा तो."

त्याचं बरोबर होतं. छोटी शेगडी मातीवर मांडून बायकोने कांदा परतला आणि सुकट टाकली. समुद्रापासून इतक्या लांब तो वास बहुधा पहिल्यांदाच आला असावा. कुठून कुठून कुत्री आली आणि आदरपूर्वक अंतर ठेवून अर्धवर्तुळात बसली. एखाद्या सत्कार समारंभाला इतके मन लावून ऐकणारे श्रोते मी पाहिलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालकाच्या जागेवर बसली. पंजाबी ड्रेस, पायांत ड्युटीचे पांढरे बूट. मेव्हणा शेजारी. मी ठरल्याप्रमाणे मागे. पहिला गिअर पडला, मग दुसरा. पुढे रस्ता इतका सरळ होता की तो कुणी पट्टी धरून आखला असावा. थोड्या वेळाने इंजिन कण्हायला लागलं.

"ताई, तिसरा टाक."

"थांब रे. कुणी आडवं आलं म्हणजे?"

"कोण येणार आडवं? क्षितिज?"

"माणसाचं काय सांगता येतं."

"अगं माणूसच नाहीये इथे! कुत्री पण मागे राहिली! आत्ता तो सायकलवाला आपल्याला ओव्हरटेक करून गेला."

"त्याला घाई असेल."

तिने हॉर्न वाजवला. समोर काही नव्हतं. मग उजवा हात खिडकीबाहेर काढून मागच्या गाड्यांना हळू चला अशी खूण केली. मी मागच्या काचेतून पाहून खात्री करून घेतली. मागे गाड्या नव्हत्या.

"भावोजी, तुम्ही तरी सांगा हिला!"

"मला गाडी चालवता येत नाही. मी फक्त शुद्धलेखन सांगू शकतो."

एका चढापलीकडे धनगराची मेंढरं आली. या काठापासून त्या काठापर्यंत लोकरच लोकर, रस्ता दिसेना. मेव्हणा किंचाळला, "ताई, थांबव! बंद कर गाडी! घासलं तर डिपॉझिट गेलं!"

तिने बंद केली नाही. तिची शिकवणी ऐन गणपतीत झाली होती, लालबाग-परळच्या रस्त्यांवर, जेव्हा तिथे मुंगीलाही आपल्या इच्छेने वळता येत नाही. तिने काच खाली केली, क्लच अर्धा धरला आणि गाडी अशी पुढे नेली की ती चालते आहे हे मेंढरांना कळलंच नाही. तोंडाने चालू होतं, "चला, चला, बाजू द्या. पुढे सरका. अगं बाई, पिल्लाला घे आधी." मेंढरं सरकत होती. त्यांची पाठ गाडीला लागायची, पण गाडी त्यांना लागायची नाही. आम्ही एका मऊ, कोमट ढगातून तरंगत गेल्यासारखे गेलो.

काठी खांद्यावर टाकलेला धनगर खिडकीशी चालत आला. "कुठलं गाव म्हनायचं, बाय?"

"लालबाग."

"लई मेंढरं हायती का तिकडं?"

"माणसं आहेत."

त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि मागे राहिला.

मेंढरं संपली. रस्ता पुन्हा मोकळा. तिने क्लच दाबला आणि तिसरा टाकला. थोडं पुढे जाऊन, जणू सवयच आहे अशा थाटात, चौथा. गाडीचं कण्हणं थांबलं. इतका वेळ माझ्या कानांत तोच आवाज होता, तो गेला तेव्हा माळ केवढा शांत आहे ते ऐकू आलं. टायरांचा नुसता सुस्कारा. बाभळी येत होत्या आणि वाकून जात होत्या. आरशात तिचा अर्धा चेहरा दिसत होता. वॉर्डात, एखादा पेशंट सुधारू लागला की घरी आल्यावर तिचा असा चेहरा असायचा. मला जे व्हायला नको होतं ते समोर होत होतं, आणि ते कधी संपूच नये असं मला वाटत होतं. माणसाला एका वेळी दोन्ही कसं वाटू शकतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

गाव आलं. बाजाराचा एक रस्ता, पिवळ्या भिंतींची शाळा, उंच पाण्याची टाकी. डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या पायरीवर उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढरे केस कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ. स्वागत वगैरे काही नाही. त्यांनी बायकोला जीप दाखवली, औषधांचं कपाट दाखवलं, मागची राहायची खोली दाखवली. खोली आमच्या लालबागच्या खोलीएवढीच होती. फक्त तिच्या भोवती काहीच नव्हतं.

बायकोने जीपभोवती एक फेरी मारली. मग हळूच विचारलं, "रिव्हर्स घ्यावा लागतो का हो? तो माझा जरा कच्चा आहे."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "वळायला अख्खा तालुका आहे."

आणि मग, सामान किती आहे विचारावं त्या सुरात, "एकट्या राहाल, की हे येतील?"

"ते विचार करतायत."

"करू दे. इथे विचारालाही जागा आहे."

त्या रात्री आम्ही गाडीतच झोपलो. सकाळी दोन वस्त्यांवर लसीकरण होतं. बाई दवाखान्यात थांबल्या आणि तिच्याबरोबर जीपमधून मी गेलो, लसींची थंडपेटी मांडीवर घेऊन. रस्ता नव्हताच, बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या. दुसरा गिअर. कुसळांवर दव होतं आणि त्यावर कोवळं ऊन असं पडलं होतं की गाडी पाण्यातून चालली आहे असा भास व्हावा. मी पेटी घट्ट धरली होती. आयुष्यात इतकी उपयोगी वस्तू माझ्या मांडीवर क्वचितच आली असेल.

वस्ती म्हणजे चार घरं आणि एक लिंबाचं झाड. बायका पोरं घेऊन झाडाखाली बसल्या होत्या. बायकोने हात धुतले, बाटली उन्हाकडे धरून पाहिली आणि कामाला लागली. पोरं क्रमाने किंचाळू लागली. एक म्हातारी नात मांडीवर दाबून धरत तिच्याकडे निरखून बघत होती.

"मागली बी सिस्टर चांगली हुती," म्हातारी म्हणाली. "गेली. तुमी ऱ्हानार, का तुमी बी जानार?"

"राहणार," बायको म्हणाली आणि पोरीला सुई टोचली.

पोरगी रडली. मला निर्णय कळला तो असा, त्या रडण्यात. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "मला आधी सांगायचं होतंस."

"मलाच तेव्हा कळलं," ती म्हणाली. "त्या आजी विचारत होत्या, त्यांना काय सांगणार होते?"

कॅम्पर परत करायची होती, म्हणून मेव्हण्याला आणि मला निघणं भाग होतं. तिने पलंगाखालच्या कप्प्यातून आपली बॅग ओढून काढली. मी हात लावायला गेलो तर ती उचलेना.

"एवढं काय भरलंयस?"

"राहिले तर लागेल म्हणून."

"आणि नसती राहिलीस तर?"

"तर तुम्ही परत वर चढवली असतीत."

मेव्हणा टायरांना लाथा मारून पाहत होता. त्यातलं त्याला काही कळत नाही, पण निघताना पुरुषांनी करायची ती एक गोष्ट आहे. मग तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "ताई, पाचवा पण असतो हां. राहिलाय तुझा."

"असू दे. म्हातारपणाला ठेवते."

मला तिने सूचना दिल्या. दूधवाल्याला अर्धा लिटर सांगा. गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघा. वहिनी बोलावतील, पण रोज जेवायला जाऊ नका. त्या बोलून दाखवत नाहीत, चाळीला सांगतात. मी प्रत्येक सूचनेला हो म्हटलं.

"आणि तुमचं काय ते ठरवा."

"ठरवतो."

"घाई नको. पण उन्हाळ्याआधी. उन्हाळ्यात इथे कुणी नव्याने येत नाही म्हणे."

"वाचनालय नाहीये इथे."

"शाळेत एक कपाट आहे पुस्तकांचं. मी विचारलंय. किल्ली हरवलीय." ती हसली. "तुम्ही आलात की फोडू."

गाडी निघाली. पुढची जागा रिकामी होती, तरी मी सवयीने मागेच बसलो, मागच्या काचेशी. लालबागमध्ये माणूस जातो म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर वळतो आणि संपतो. आपण हात हलवतो, तो हलवतो, एक टॅक्सी मध्ये येते, झालं. निरोपाला एवढाच वेळ लागतो अशी माझी समजूत होती. इथे मध्ये येणारं काही नव्हतं. ती निळ्या ड्रेसमध्ये दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. मग दवाखाना लहान झाला आणि ती उभीच होती. शाळा, टाकी, बाजार सगळं मिळून एका ताटात मावेल एवढं झालं, आणि त्या ताटाच्या कडेला एक निळा ठिपका. ठिपक्याने हात हलवला असं मला वाटलं. मीही हलवला. ती आत का जात नाही हे मला कळेना, आणि ती आत जाऊ नये असंही वाटत होतं. ऊन वर चढत होतं आणि रस्त्यावर झळा नाचायला लागल्या होत्या. त्यांत तो ठिपका मोडायचा आणि पुन्हा जुळायचा.

"भावोजी," मेव्हण्याने पुढून हाक मारली, "या ना पुढे. एकटे काय बसलाय मागे?"

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून दिसतेय."

त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली.